सात नंबरचा आवाज

“कंट्रोल, सात नंबर. पेशंट गाडीत घेतलाय, शुद्धीवर आहे. बारा मिनिटांत पोचतोय.”

सदानंद बेलसरे यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि मान कलती करून ऐकलं. आवाज पेटीवरच्या पांढरी सहाच्या आसपास होता, स्थिर होता, वाक्याच्या शेवटी नीट खाली बसत होता. म्हणजे पेशंट खरंच ठीक होता. त्यांनी कानस उचलली आणि समोरच्या पेटीतल्या पितळी रीडच्या टोकाशी अगदी हलकेच घासली. रीडचा सूर केसभर चढला.

मिरजेत शिकून आल्यापासून चाळीस वर्षं सदानंद साळपुरात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करत होते. त्यांच्या कानाची गावात ख्याती होती. पण गेली चार वर्षं हा कान रोज सकाळपासून एकाच आवाजाकडे लागलेला असायचा. तो आवाज त्यांच्या मुलीचा, केतकीचा होता. केतकी सात नंबरच्या रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होती. याच गावात, तीन किलोमीटरवर, एका खोलीत राहत होती. चार वर्षांत तिनं उंबरठा ओलांडला नव्हता आणि यांनी तिला फोन केला नव्हता.

ज्या डबीतून तिचा आवाज येत होता तिला लोक ‘कानोसा’ म्हणायचे. साबणाच्या डबीएवढी. २०३६ च्या महापुरात मोबाइलचे सगळे मनोरे आडवे झाले, तेव्हा फक्त अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांचे बिनतारी संच चालू होते. ज्यांच्याकडे जुने हौशी रेडिओ होते त्यांना कोणता पूल गेला, कोणत्या शाळेपाशी होड्या आहेत, हे ऐकू आलं आणि ते वाचले. बाकीचे अंधारात राहिले. त्या धड्यातून कायदा झाला. आणीबाणीच्या सेवांचं बोलणं कोणालाही ऐकता येईल. बोलायचं मात्र फक्त सेवकांनी. वर्षभरात कानोसा घरोघर गेला. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, देवघराच्या फळीवर तो सारखा पुटपुटत राहायचा. अपघात कुठं झाला, आग कितपत आहे, गाडी किती वेळात पोचली, सगळं गावाला कळायचं. गाड्या उशिरा पोचणं कमी झालं होतं हेही खरं, कारण सगळं गाव घड्याळ लावून बसलेलं असायचं.

सदानंदांनी कानोसा घेतला तो मात्र रागानं.

त्यांची पत्नी शुभदा एका दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. सदानंदांनी कंट्रोलला फोन लावला. सात नंबर त्या वेळी चौदा किलोमीटरवर वीटभट्टीवर एका बाळंतिणीजवळ होती. केतकीनं स्वतःच्या घरचा पत्ता रेडिओवर ऐकला, आणि ती आली नाही. अकरा मिनिटांनी तीन नंबरची गाडी आली. तोवर शुभदा गेली होती. तेराव्याला, पाहुणे उठून गेल्यावर, सदानंद मुलीला म्हणाले होते, “मी होता होईल ते सगळं केलं. छाती दाबली, हाका मारल्या. तू ऐकलंस आणि आली नाहीस.” केतकीनं उरलेली ताटं उचलली. संध्याकाळी तिनं आपली बॅग भरली.

ही रोज काय असं मोठं करते ते बघू, म्हणून त्यांनी कानोसा आणला. आणि बघता बघता त्यांना कळत गेलं. विहिरीत पडलेल्या पोराला ती कशी बोलतं ठेवते, दारू पिऊन शिव्या देणाऱ्याला ‘दादा’ म्हणत कसं स्ट्रेचरवर घेते. घाबरली की तिचा आवाज अर्ध्या सुरानं चढून काळी पाचवर जातो, आणि दोन वाक्यांत ती तो पुन्हा खाली आणते. राग कधी विरला ते त्यांना सांगता आलं नसतं. पण फोनपर्यंत जाणारी वाट एव्हाना बुजली होती. ऐकण्यावर भागत होतं.

•

मार्चमधल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, कानोशातून आवाज आला. “कंट्रोल, सात नंबर. हायवेवरच्या अपघाताला आम्ही पोचलोय. दुसरी गाडी नको.”

“ठीक आहे, सात नंबर. तीन नंबर, तुम्ही परत फिरा.”

सदानंदांनी कानस बाजूला ठेवली. आवाज केतकीचाच होता. उच्चार तिचे, शब्दांवरचा जोर तिचा. पण ‘पोचलोय’नंतर ती नेहमी घेते तो श्वास नव्हता. कुठंच श्वास नव्हता. भात्याशिवाय वाजणाऱ्या पेटीसारखा तो आवाज होता.

त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा कंट्रोलचा नंबर फिरवला. “बाई, मी सदानंद बेलसरे. आत्ता जी बोलली ती माझी मुलगी नाही.”

“काका, कोण बोललं नाही?”

“सात नंबर. ती केतकी नव्हती. ती बोलताना श्वास घेते. तीन नंबरला माघारी बोलवू नका.”

पलीकडच्या बाईनं नाव लिहून घेतलं, खातरजमा करते म्हणाली. खातरजमेला सहा मिनिटं लागली, तोवर तीन नंबर दुसऱ्या कॉलवर निघाली होती. खरी केतकी तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, रेडिओ बंद ठेवून, एका दवाखान्यात पेशंट उतरवत होती. हायवेवर सिमेंटच्या ट्रकखाली अडकलेल्या क्लीनरला मदत मिळायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. तो जगला, पण त्याचा पाय गेला.

हे कोणी केलं ते कधीच कळलं नाही. कसं केलं ते मात्र आठवडाभरात सगळ्यांना माहीत झालं. माणसाचा काही तासांचा आवाज दिला की हवं ते वाक्य त्या आवाजात म्हणणारी यंत्रं तोवर कोणाच्याही फोनवर चालत होती. केतकीचा पाच वर्षांचा आवाज हवेत उघडा पडला होता. कोणीही टिपून घ्यावा.

•

एप्रिलमध्ये हा रेडिओ उघडा ठेवायचा की नाही यावर नगरपालिकेच्या सभागृहात जनसुनावणी झाली. पंखे गरगरत होते, तरी माणसं घामानं भिजली होती. गावातल्या कानोसा ऐकणाऱ्यांच्या श्रोतेसंघानं सदानंदांना बोलायला उभं केलं होतं, कारण खोटा आवाज ओळखला तो त्यांनीच. खिशात दोन पानांचं भाषण होतं.

आधी बोलली ती यंत्रणेची अभियंता, फरहाना मुजावर. तिशीतली, बारीक चणीची, स्पष्ट बोलणारी.

“आतापर्यंत आपला रेडिओ पोस्टकार्डासारखा होता,” ती म्हणाली. “ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावं. आता आपण तो पाकिटात घालतोय. बोललेला आवाज आधी आकड्यांत बदलतो. मग एका गुप्त किल्लीनं ते आकडे असे बदलून टाकले जातात, की किल्ली नसलेल्याला फक्त खरखर ऐकू येईल. ही किल्ली दर सेकंदाला बदलते, आणि ती गाडीतल्या संचाला आणि कंट्रोललाच माहीत असते. दुसरा फायदा त्याहून मोठा. ज्या बोलण्यावर योग्य किल्लीची मोहोर नाही, ते आमचा संच वाजवणारच नाही. कोणी आवाजाची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी.”

“म्हणजे आम्ही बहिरे!” मागून कोणीतरी ओरडलं. “पूर आला की पुन्हा अंधारात!”

“नाही. पूर, आग, वायुगळती असली की इशारे उघड्या वाहिनीवर लगेच येतील, तेही मोहोर लावून. आणि रोजचं सगळं बोलणं दुसऱ्या दिवशी जाहीर होईल. नावं, पत्ते गाळून, शब्दन् शब्द. कोणती गाडी किती वाजता निघाली, कुठं उशीर झाला, सगळं. फक्त ते यंत्राच्या एकाच आवाजात असेल. माणसाचा मूळ आवाज बाहेर जाणार नाही.”

मग केतकीचं नाव पुकारलं गेलं.

सदानंदांनी तिला चार वर्षांनी पाहिलं. ती बारीक झाली होती. कानामागे एक पांढरी बट होती, चौतिसाव्या वर्षी. तिनं माईक हातात घेतला.

“त्या क्लीनरला भेटायला मी गेले होते,” ती म्हणाली. “तो मला म्हणाला, ताई, तुमचा आवाज मी शेजारच्या टपरीवरच्या कानोशात ऐकला. तुम्ही पोचलोय म्हणालात. मी मान वळवून शोधत होतो तुम्हाला.” तिचा आवाज काळी पाचवर गेला. “मी त्याला काय सांगू? ती मी नव्हते, म्हणून? लोकांनी ऐकावं, आमच्या चुका काढाव्यात. काढायलाच हव्यात. पण माझ्या आवाजात मी न बोललेलं कोणी बोलू नये. एवढंच.”

सदानंदांची पाळी आली. त्यांनी कागद काढला. ‘ऐकणे हा नागरिकाचा हक्क आहे’ असं पहिलं वाक्य होतं. ते त्यांनी वाचलं. दुसरं वाचता येईना. चष्मा नीट केला, कागद घडी घालून खिशात ठेवला.

“मुजावरबाई,” ते म्हणाले, “शब्द मिळतील म्हणता. आवाज मिळणारच नाही का?”

सभागृहात कोणी हसलं नाही. फरहानानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग नकळत केतकीकडे.

“नाही काका. जुनी ध्वनिमुद्रणंसुद्धा ३० जूनला नष्ट होतील, कारण नकला त्यांच्यावरूनच होतात. एकच सवलत आहे. ज्यांच्या घरच्या माणसाबद्दलचं मुद्रण असेल, त्यांना अर्ज करून ते एकदा ऐकता येईल. पण त्यात ज्या कर्मचाऱ्यांचा आवाज आहे, त्यांची संमती लागेल.”

बाहेर जिन्यापाशी बापलेक समोरासमोर आले. मधून माणसं जात होती.

“बीपीची गोळी घेता ना?” केतकीनं विचारलं.

“घेतो.”

“बरं.” आणि ती गाडीकडे गेली.

•

सदानंदांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला. शुभदा सदानंद बेलसरे, तारीख अमुक, दुपारी दोन दहा. चार वर्षं ते त्या मुद्रणापासून लांब राहिले होते. आधी वाटायचं, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. पुढे वाटू लागलं, मला जे वाटतं तसं ते नसावं. रोजची जी केतकी त्यांनी ऐकली होती, ती घरचा पत्ता ऐकून गप्प बसणारी नव्हती. त्या अकरा मिनिटांत ती काहीतरी बोलली असणार. तेवढं ऐकायचं, आणि मग तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कंट्रोलवरच्या बाईंची संमती आहे. तीन नंबरच्या चालकाची आहे. केतकी बेलसरे यांनी संमती नाकारली आहे.

तो कागद त्यांनी दोनदा वाचला. चार वाजता दार वाजलं. केतकी होती, गणवेशात. बाहेर मारुतीच्या पारापाशी तिची गाडी उभी होती.

“येऊ?”

“हे काय विचारणं झालं!”

ती आत आली. उघड्या पेट्या, पट्ट्या, रीड्सचे डबे यांतून वाट काढत नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या बाकावर बसली. सदानंदांनी पाणी आणून दिलं.

“बाबा, ते ऐकू नका,” ती म्हणाली.

“का? तू काय बोललीस ते मला ऐकायचंय. मी चुकलो ना ते मला कळलंय गं. चार वर्षं रोज ऐकतोय तुला. आता फक्त...” त्यांनी उत्तराचा कागद तिच्यापुढे धरला. “फक्त एकदा कानानं ऐकायचंय, आणि तुझी माफी मागायचीय.”

“मग ऐकायला कशाला हवं? मागितलीत. मिळाली.” ती घाईघाईनं हसली. “चहा टाकू का?”

“केतू.”

ती थांबली.

“तुझा आवाज चढलाय,” सदानंद म्हणाले. “तू माझ्यापासून काहीतरी लपवतीयस.”

केतकीनं पेला बाकावर ठेवला. खाली बघत, बोटानं पाण्याचा थेंब पसरवत ती म्हणाली, “त्यात मी एकटी नाहीये, बाबा. तुम्हीपण आहात.”

“असेन ना. मीच तर फोन केला होता.”

ती काही बोलली नाही. आणि त्या गप्प बसण्यातून, हळूहळू, सदानंदांच्या पायाखालचं काहीतरी सरकलं. पेशंट वाचणार नसला की ती रेडिओवर अशीच गप्प व्हायची, हे त्यांना आता पाठ होतं.

“ऐकलं नाही तर मी ते मनातल्या मनात रोज ऐकेन,” ते म्हणाले. “आणि मनातलं खऱ्याहून वाईट असतं. सही दे.”

“मी तुमच्या शेजारी बसणार असेन तर देते.”

“बस.”

•

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंट्रोलच्या इमारतीतल्या एका छोट्या खोलीत फरहाना मुजावरनं त्यांना बसवलं. टेबलावर पाण्याची बाटली होती. “मधेच थांबवायचं असेल तर हात वर करा,” ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

सुरुवातीला कोणीतरी म्हातारा ओरडत होता. ज्या माणसाला अख्ख्या गावाचे आवाज ओळखू यायचे, त्याला स्वतःचा आवाज ओळखायला दोन वाक्यं लागली.

“पडली! खाली पडलीय ती! केतकीला पाठवा, सात नंबरला पाठवा!”

“काका, गाडी निघतेय. त्यांचा श्वास चालू आहे का?”

“घरघर लागलीय नुसती...”

“त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. फोन स्पीकरवर ठेवा. दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवून जोरात दाबा. मी मोजते. चला, एक...”

“नको, नको. बरगडी मोडेल तिची. केतकीला येऊ दे. तिला कळतं यातलं.”

मग खरखर, आणि दुसरी वाहिनी. कंट्रोलच्याच बाई. “सात नंबर, हा कॉल तुमच्या घरचा आहे. आईंचा. कुठे आहात?”

तीन सेकंद काहीच नव्हतं. मागे एक बाई कण्हत होती.

“वीटभट्टीवर.” केतकीचा आवाज. काळी पाचच्याही वर, कधीच ऐकला नव्हता एवढा वर. “बाळाचं डोकं बाहेर येतंय. नाळ गळ्याभोवती आहे. मला हात काढता येत नाही. तीन नंबरला पाठवा. गल्लीत गाडी वळत नाही, मारुतीच्या पारापाशी थांबवायला सांगा. आईला पेनिसिलिन चालत नाही. आणि बाबांना छाती दाबायला सांगा. गाडी पोचेपर्यंत दाबत राहा म्हणावं.”

“सांगतेय. ऐकत नाहीत ते.”

“माझं नाव घेऊन सांगा. केतकीनं सांगितलंय म्हणा... हं ताई, आता जोर लाव, थांबू नको, मी आहे... कंट्रोल, दाबतायत का ते?”

“काका, केतकी म्हणतेय, दाबा.”

“कुठंय ती? तिला सांगा ये म्हणून! शुभा, शुभा, अगं आली बघ ती...”

असं ते चालत राहिलं. दर मिनिटाला केतकी विचारत होती, “दाबतायत का?” दर मिनिटाला बाई म्हणत होत्या, “नाही.” म्हातारा बायकोला हाका मारत होता. एकदा तो तिला पाणी पाजायचा प्रयत्न करत होता. अकराव्या मिनिटाला वीटभट्टीवरचं बाळ रडलं, बारीक आणि संतापून. ते रडणं संपायच्या आत तीन नंबरचा आवाज आला. “कंट्रोल, पोचलो. छाती दाबायला सुरुवात करतोय.”

सदानंदांनी हात वर केला नाही. मुद्रण आपोआप संपलं.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. खिडकीची काच थरथरली.

“सुरुवात करतोय, म्हणाला,” सदानंद म्हणाले.

“हो.”

“मी दाबलंच नाही.”

“नाही, बाबा.”

“मी सगळ्यांना सांगितलं, दाबलं म्हणून. खोटं नाही सांगितलं गं. मला तसंच आठवतंय. हे हात आठवतायत मला, तिच्या छातीवर.”

“तुमचे हात होते तिच्या छातीवर. तीन नंबरवाला म्हणाला होता मला. तुम्ही नुसते ठेवून बसला होता.” केतकीनं ते हात आपल्या हातात घेतले. “असं होतं, बाबा. मी शंभर घरांत बघितलंय. माणूस गोठून जातो. यात दोष नाही.”

“तू हे कधी ऐकलंस?”

“तिसऱ्या दिवशी. गेलेल्या प्रत्येक पेशंटचा कॉल पुन्हा ऐकतो आम्ही.”

“म्हणजे तेराव्याला तुला माहीत होतं. आणि मी जे बोललो ते तू...” त्यांनी हात सोडवून घेतले. “तोंडावर का नाही मारलंस माझ्या? चार वर्षं, केतू!”

“काय सांगणार होते मी? आई नुकतीच गेलेली. तुम्हाला कोणावर तरी रागवायचं होतं. माझ्यावर रागावलात तर मी जगेन, असं वाटलं मला. माझ्याकडे काम होतं. स्वतःवर रागावला असतात तर तुमच्याकडे काय होतं?” तिनं डोळे पुसले. “पण मी चुकले. एवढे दिवस लांब राहायला नको होतं. सुरुवातीला तुमच्यासाठी गप्प होते. नंतर नंतर मलाही राग आला होता.”

“यायलाच हवा होता.”

सदानंदांनी विचारलं, “मी दाबलं असतं तर वाचली असती?”

केतकीनं उत्तर दिलं तेव्हा तिचा आवाज आपल्या जागेवर आला होता.

“माहीत नाही. घरी हृदय बंद पडलेल्यांत, कोणी दाबलं तरी, दहातले आठ-नऊ जातातच. न दाबता त्याहून जास्त जातात. खोटं नाही सांगणार, शक्यता वाढली असती. आईच्या बाबतीत तेवढ्यानं झालं असतं का, ते कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.”

सदानंदांनी मान हलवली. मग ते टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि केतकी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. फरहाना मुजावरनं दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

•

१ जुलैला सकाळी सहा वाजता साळपुरातले सगळे कानोसे एकदम खरखरले. टपरीवाल्यानं डबी दोनदा आपटून पाहिली. सलूनमध्ये जुनी गाणी लागली. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं बोलणं जाहीर झालं, शब्दन् शब्द, एका संथ, कोणाच्याच नसलेल्या आवाजात. श्रोतेसंघानं वेळांचा तक्ता करायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात एका उशिराबद्दल कंट्रोलला जाब विचारला. कंट्रोलनं उत्तरही दिलं.

सदानंदांना सकाळ फार जड जायची. हात पेटीवर आणि कान कशावरच नाही. वाऱ्याचा, भांड्यांचा, कशाचाही आवाज झाला की मान कलायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला.

“सुट्टी कधी असते तुझी?”

“रविवारी. का?”

“जेवायला ये. वांग्याचं भरीत करतो. आणि मला ते शिकव.”

“काय शिकवू?”

“दाबायला.”

“येते,” केतकी म्हणाली.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीतल्या पेट्या भिंतीकडे सरकवल्या. केतकीनं जाड गादीची घट्ट वळकटी करून जमिनीवर ठेवली. सदानंद गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले.

“तळहात असा, मधोमध. दुसरा त्याच्यावर. कोपर वाकवायचं नाही. जोर हातांतून नाही, खांद्यांतून. दोन इंच खाली गेलं पाहिजे.”

“बरगडी मोडली तर?”

“मोडू दे. बरगडी जोडता येते.”

“लय काय?”

“मिनिटाला शंभर ते एकशेवीस.”

सदानंदांनी डोळे मिटले, मनाशी लय पकडली आणि दाबायला लागले. केतकीनं घड्याळात बघितलं आणि भुवया उंचावल्या. लय एकशेदहावर अचूक होती.

“एक, दोन, तीन, चार...” ते मोजत होते. तीसच्या पुढे दम लागला. कपाळावरून घाम गादीवर टपकला. “थांबू?”

“नाही. गाडी अजून हायवेवर आहे.”

ते दाबत राहिले. पन्नास झाले, साठ झाले. एकदा त्यांचे हात जागच्या जागी थबकले, नुसतेच टेकलेले. केतकीनं ते पाहिलं. तिनं फक्त पुढचा आकडा मोठ्यानं म्हटला. हात पुन्हा खाली गेले. दंड भरून आले होते, दाब उथळ होत चालला होता.

दोन मिनिटं झाली तशी ती त्यांच्या समोर येऊन गुडघ्यांवर बसली. “दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं. लाज वाटून घ्यायची नाही. पण मधे खंड पडता कामा नये. मी तीन म्हटलं की हात काढा.”

तिनं तीन म्हटलं. सदानंदांनी हात काढले आणि त्याच ठोक्याला तिचे हात तिथं आले. ते मागे सरकून, भिंतीला पाठ टेकून, धापा टाकत बसले.

“बाबा, बसलात काय?” दाबता दाबता ती म्हणाली. “मोजा.”

सदानंदांनी छातीभर श्वास घेतला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.